हवालदारासाठी शांत जागा

डिसेंबर लागला की हुरडा शेताच्या आधी आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. आधी कुणीतरी नुसतंच लिहितं, 'थंडी पडली बरं का.' मग एखाद्या मॅडम मक्याच्या कणसाचं चित्र टाकतात, कारण ज्वारीच्या कणसाचं चित्र मोबाईलमध्ये नसतं. मग पीटीचे सर विचारतात, 'यंदा हुरडा कुठं?' आणि सगळे माझ्याकडं वळतात, कारण मागच्या वर्षी मी नेलं होतं. परवा तसंच झालं. 'मॅडम, चाचांकडंच जाऊ या. काय तो हुरडा, काय ती चटणी!' मी मेसेज वाचला आणि फोन पालथा घालून भाजी चिरायला बसले.

आता संध्याकाळी बीड बायपासला गेलं की रस्त्याच्या कडेला आगट्या पेटलेल्या दिसतात. गोवऱ्यांचा धूर, निखाऱ्यात खुपसलेली हिरवी कणसं, हातावर चोळून पाखडलेले कोवळे दाणे, शेजारी गूळ आणि शेंगदाण्याची चटणी. गाड्या थांबतात, माणसं उतरतात, उभ्या उभ्या खातात, फोटो काढतात. मी काच वर करते. मला तो वास नको असतो. स्पष्टच सांगितलेलं बरं, आडवळण कशाला घ्यायचं.

हवालदार हे एका कुत्र्याचं नाव. मी ठेवलेलं नाही. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एक लहानशी कंपनी होती, तिच्या गेटवर तो अकरा-बारा वर्षं राहिला. कंपनी बंद पडली, यंत्रं ट्रकमधून गेली, वॉचमन गावी गेला, गेटला कुलूप लागलं. कुत्र्याला कुणी काही सांगितलं नाही. मी शाळेला जाता-येता रोज बघायची. सकाळी आठला तो गेटसमोर उभा, दुपारी साडेचारला परत उभा. पाळी बदलायची वेळ ना ती! आत कुणी जात नव्हतं, बाहेर कुणी येत नव्हतं. समोरचा चहावाला म्हणाला, "हवालदार आहे तो, मॅडम. ड्यूटी सोडत नाही." आणि हसला. पंधरा दिवसांत त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या, तेव्हा मी त्याला रिक्षात घातला. रिक्षावाला म्हणाला, "चावला म्हणजे?" मी म्हटलं, "चावला तर मला चावंल, तुम्ही चालवा." चावायला त्याचे दात कुठं शिल्लक होते? झिजून नुसती खुंटं राहिली होती.

आमचे हे दारातच उभे होते. "हे काय आणलंस?"

"कुत्रं."

"ते दिसतंय. किती दिवस?"

"बघू."

बघू म्हणता म्हणता दहा महिने झाले. तांबूस रंग, तोंड पार पांढरं झालेलं, एक कान फाटलेला. भुंकणं जवळपास नाहीच. घरात कुणीही आलं की हा उठायचा, त्याच्या मागं मागं आत यायचा, तो माणूस निघाला की फाटकापर्यंत सोडायला जायचा. गॅसवाला असो, दूधवाला असो, वर्गणी मागायला आलेली मंडळाची पोरं असोत, सगळ्यांना फाटकापर्यंत सोडायचा आणि ते बाहेर पडले की खाली बसायचा. पाण्याचा टँकर आला की त्याचा हॉर्न ऐकून याच्या अंगात बळ यायचं. आमच्याकडं नळाला पाणी आठव्या दिवशी, तेव्हा टँकर ठरलेला. त्या टँकरवाल्यानंच मला एकदा सांगितलं, "बाई, या कुत्र्याला वाटतं माल आलाय."

मोठ्या आवाजाचं त्याला भय नव्हतं. ट्रक, क्रेन, हॉर्न हे सगळं त्याच्या जन्माचं. भय होतं ते बार उडण्याचं. फटाका, बंदुकीचा बार, सिलिंडर जोरात आपटला तरी. का, ते कुणाला माहीत! कुत्र्याचं पूर्वीचं कोण सांगणार? आणि आमचं घर नेमकं बायपासच्या अलीकडं. घरामागं लग्नाचं एक लॉन, पुढं दोन मंगल कार्यालयं. तुळशीचं लग्न लागलं की आमच्या गल्लीला झोप नाही. वरात वळणावर आली की तिथंच थांबते, नवऱ्या मुलाचे मित्र नाचून घेतात आणि सुतळी बॉम्बची माळ तिथंच लागते. पहिला बार उडाला आणि हा उभ्या जागी चारही पायांवरून खाली बसला. मग सरपटत वॉशिंग मशीनच्या मागं. तोंडातून लाळ, अंगाला कापरं, जीभ निळसर. मी त्याच्या अंगावर गोधडी टाकून शेजारी बसून राहिले. लग्नातले लोक किती आनंदात असतात! त्या हिवाळ्यात मी न पाहिलेल्या किती नवऱ्यांना शिव्या घातल्या त्याची गणती नाही. सुखाचा संसार करा रे बाबांनो, पण गपचूप करा की!

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाल्या, "हृदय मोठं झालंय याचं. असे धक्के याला झेपणार नाहीत. शांत जागी ठेवलंत तर दोन वर्षं आरामात काढेल. इथं नाही काढणार." गोळ्या लिहून दिल्या, रोज एक, चुकवायची नाही.

आता खरं बोलायचं तर एवढंच कारण नव्हतं. लेकीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे जूनमध्ये ती येणार, बाळ होणार, पाहुणेरावळे येणार. आमच्या विहीणबाईंनी फोनवर गोड आवाजात विचारलं होतं, "ते कुत्रं अजून आहे का हो घरात?" अजून हा शब्द त्यांनी असा काही लांबवला की मला कळायचं ते कळलं. आमच्या यांनी वॉशिंग मशीनच्या मागची जागा एक दिवस पुठ्ठा लावून बंद केली. मी सगळ्यांना सांगत होते, याच्यासाठी शांत घर शोधतेय. ते खरंच होतं. मला सुटका हवी होती, तेही खरंच होतं. पहिलं मी मोठ्यानं सांगायची.

घर शोधणं म्हणजे काय ते ज्यानं म्हातारं कुत्रं द्यायचा प्रयत्न केला त्यालाच विचारा. पोरीचं लग्न जमवणं सोपं. आमच्या सहशिक्षिका म्हणाल्या, "अगं, पिल्लू असतं तर मीच नेलं असतं." सगळ्यांना पिल्लूच पाहिजे असतं. कन्नडकडचे एक शेतकरी फोनवर म्हणाले, "भुंकतंय का?"

"नाही."

"दात हायेत का?"

"नाहीत."

"मंग बाई, त्याला ठिवून करू काय? त्याचीच राखण मला करावी लागंल की!"

त्यांचं काय चुकलं? लष्करी छावणीच्या बाजूला एक रिटायर्ड गृहस्थ होते, बंगला, झाडं, चिडीचूप गल्ली. ते तयार झाले. मग मी प्रामाणिकपणे हृदयाचं सांगितलं, बाराचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "ताई, मलाही तीन गोळ्या चालू आहेत. दोघांतला कुणी आधी गेला तर दुसऱ्यानं काय करायचं?" मी हात जोडून परत आले. दर ठिकाणी असंच. खरं सांगितलं की दार लागायचं. एप्रिल संपत आला तेव्हा मी ठरवलं, आता खरं सांगायचं नाही.

चाचांना मी सांगितलं नाही.

चाचा म्हणजे आमच्या शाळेचे रिटायर झालेले शिपाई. तीस वर्षं त्यांनी शाळेचं कुलूप उघडलं. माझी मुलगी लहानपणी तापानं फणफणली तेव्हा माझा वर्ग सोडवून मला स्वतःच्या सायकलवर घरी नेणारा माणूस. पैठण रोडला ढोरकीनच्या पुढं त्यांची तीन एकर जमीन, तिथंच आखाड्यावर दोघं नवरा-बायको राहतात. आमच्याकडं शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. पत्र्याची दोन खोल्यांची जागा, समोर लिंबाचं झाड, एक म्हैस. मी फोन केला. "चाचा, एक म्हातारं कुत्रं आहे, शहरात करमत नाही त्याला. शांत जागा पाहिजे."

"आणा की मॅडम. आमच्यात घरात नाय घेत, पण आखाड्यावर राखणीला चालतो. रानात शांतच शांत हाय. फिकर नका करू."

"राखण नाही व्हायची त्याच्याकडून."

"नाय तर नाय. मी बी आता कुठं राखण करतोय? बसंल माझ्याजवळ."

त्या माणसाला मी म्हटलं, या ताकदीच्या गोळ्या आहेत, रोज एक द्या. ताकदीच्या! भीती वाटली, की हृदयाचं ऐकलं तर चाचीच नको म्हणेल. सगळ्यांनीच म्हटलं होतं ना.

तो मे महिन्याचा दिवस मला अजून लख्ख आठवतो. आम्ही गाडीतून उतरलो आणि मला वाटलं कान बंद झालेत. काही नाही. रान नांगरून पडलेलं, काळी ढेकळं उन्हात तापलेली, लांबवर हिरवं म्हणून काही नाही. वारा सुटला की लिंबाची पानं वाजायची, तेवढंच. म्हैस रवंथ करत होती, त्याचासुद्धा आवाज येत होता. हवालदार आधी आखाड्याला फेरी मारून आला, चाचांच्या पायाचा वास घेतला, चाचीकडं लांबूनच बघितलं. मग लिंबाखाली जाऊन एका कुशीवर आडवा झाला, चारही पाय सरळ सोडून. दहा महिन्यांत तो माझ्या घरी एकदाही असा झोपला नव्हता. कायम पाय पोटाशी घेऊन, उठायच्या तयारीत. चाची ओट्यावरून म्हणाली, "देखो, घर को आया बच्चा." बारा वर्षांच्या कुत्र्याला बच्चा! मी रडले. गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "बरं झालं, चांगली जागा मिळाली." मला इतकं हलकं वाटत होतं की बिडकीनला उतरून मी दोन ग्लास उसाचा रस प्यायले.

निघताना तो आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला. दार लागलं, गाडी सुटली, तो खाली बसला. सगळं नेहमीसारखं.

मी भूगोल शिकवते. सव्वीस वर्षं झाली. सहावीला दरवर्षी फळ्यावर तक्ता काढते. खरीप एका बाजूला, रब्बी दुसऱ्या बाजूला. पोरं पाठ करतात, ज्वारी, गहू, हरभरा, करडई. बरं, फळ्यावरचं सोडा, मी शेतकऱ्याचीच लेक. कन्नडजवळ आमच्या वडिलांची जमीन. ज्वारी निसवली, कणीस बाहेर पडलं, की दाणा भरेपर्यंत आम्ही भावंडं मचाणावर. हातात गोफण, गळ्यात खड्यांची पिशवी, शेजारी वाजवायला फुटका डबा. सकाळी उन्हाच्या आधी भोरड्यांचा थवा यायचा. शेकडो पाखरं एकदम उतरली की शेताचा रंग बदलायचा. मग हाऽऽ हुर्रर्र करून घसा बसेपर्यंत ओरडायचं, डबा बडवायचा, शेजारच्या रानातून दुसरी पोरं ओरडायची, त्यांच्या पलीकडून आणखी कुणी. सगळा शिवार नुसता कल्ला. संध्याकाळी आई तुपात मीठ घालून बोटानं घशाला आतून लावायची. रान कधी शांत असतं आणि कधी नसतं, हे मला जन्मापासून माहीत होतं. रान शांत असतं तेव्हा ते रिकामं असतं, एवढी साधी गोष्ट. आणि मी मे महिन्यात जाऊन म्हणते काय, की शांत जागा मिळाली! नांगरटीत उभं राहून शांतता बघणारी मी एकटीच भूगोलाची बाई असेन.

जूनमध्ये नातू झाला. घर बाळंतविडा, शेक, धुरी, दुपटी यांनी भरून गेलं. मी श्रावणात एकदा जाऊन आले. खालच्या अंगाला कपाशी होती, कंबरेएवढी. कपाशीला पाखरू लागत नाही, तेव्हा सगळं गार. हवालदाराच्या अंगावर मांस आलं होतं. चाचा म्हशीला पाणी दाखवायला निघाले की हा मागं, परत आले की हा मागं. चाची तक्रार करत होती, "मेरे हाथ से नक्को बोलता. इन्होंके हाथ से इच खाता." तक्रार कसली, कौतुकच ते. मी तेव्हा सांगू शकले असते. जागा मिळाली होती, जीव लागला होता, आता कुणी परत पाठवणार नव्हतं. पण सांगायचं म्हणजे आधी लपवलं होतं हेही सांगावं लागलं असतं. चहा प्यायले आणि आले.

दसऱ्याच्या आधी स्टाफरूममध्ये विषय निघाला. बायपासचा हुरडा कसा शिळा असतो, त्यात काही राम नाही. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "आमच्या चाचांचं शेत आहे ना." तिथंच सगळ्यांसमोर फोन लावला. "चाचा, यंदा थोडी हुरड्याची ज्वारी लावता का? गूळभेंडी लावा. आमचा सगळा स्टाफ येतो म्हणतोय."

चाचा क्षणभर थांबले. आज कळतं का थांबले. तेव्हा मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "लावू की मॅडम. तुमच्यासाठी वरचा तुकडा लावतो."

त्यानंतर तीन महिने मी फोनवर हुरड्याचीच चौकशी केली. निसवली का? दाणा धरला का? कधी येऊ? हवालदार कसाय, असंही विचारायची, नाही असं नाही. पण शेवटी, फोन ठेवता ठेवता. चाचा म्हणायचे, "हाय हाय, मजेत हाय." एकदा, डिसेंबरच्या शेवटी, मी ते विचारलंच नाही. नातवाला शिंक आली होती वाटतं, घाईनं फोन ठेवला. तेव्हा विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं.

जानेवारीत एका रविवारी आम्ही अकरा जण दोन गाड्यांत गेलो. वरचा तुकडा डोक्याएवढा उभा होता, कणसं दाण्यानं टच्च भरलेली. चाचांनी पहाटेच आगटी करून ठेवली होती, भोवती सतरंज्या. चाचीनं लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरं असं सगळं मांडलेलं. चाचा स्वतः कणसं भाजत होते, गरम गरम हातावर चोळत होते, तळहात लाल झालेले. पहिला घास त्यांनी मला दिला. कोवळा, दुधाळ, गोड. मी खाल्ला. परत घेतला. हसत होते, फोटोला पोझ देत होते, 'आमचे चाचा' म्हणून ओळख करून देत होते. एका मॅडमला कणीस कसं चोळायचं ते शिकवलं. पाखरं ज्वारीवर बिनधास्त उतरत होती, भोरड्यांचा थवाच्या थवा. मी म्हटलंसुद्धा, "चाचा, हाकला की! सगळी खाऊन टाकतील."

"आज राहू द्या मॅडम. तुम्ही आलात. आज बंद ठेवलंय."

काय बंद ठेवलंय, ते मी विचारलं नाही. पीटीच्या सरांनी विचारलं. त्यांना आखाड्याच्या भिंतीला टेकवलेला एक पांढरा प्लास्टिकचा पाईप दिसला होता. हातभर लांब, मागं लायटर बसवलेला. आता गोफण कोण फिरवतं? बाजारात ही बंदूक मिळते. आत कार्बाईडचा खडा टाकायचा, दोन घोट पाणी ओतायचं, बूड बंद करायचं, लायटर दाबायचा. "चाचा, एकदा उडवून दाखवा, रील करू." चाचा नको नको म्हणाले. सरांनी स्वतःच उडवली.

बार झाला. छातीत बसला. सगळा थवा एकदम आभाळात गेला, बायका किंचाळल्या, मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात दुसऱ्या ताटलीतला हुरडा होता, आणि त्या क्षणी, म्हणजे येऊन तासभर झाल्यावर, मला हवालदार आठवला.

मी लिंबाखाली बघितलं. म्हशीच्या गोठ्यात बघितलं. चाची ओट्यावर उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, चाचांकडं बघत होती.

"चाचा, हवालदार?"

चाचांनी हातातलं कणीस खाली ठेवलं. "मॅडम, तो गेला. अठरा-वीस दिवस झाले."

चाची म्हणाली, "मैं इच बोली, पैले खा लेने दो उनको."

नंतर कडेला घेऊन चाचांनी सांगितलं. दाणा भरायला लागला तशी पाखरं तुटून पडली. गूळभेंडीच ती, गोडच असते, पाखराला का कळत नाही? चाचा दरसाल वरच्या तुकड्यात हरभरा पेरायचे. हरभऱ्याला हाकाटी लागत नाही, म्हातारपणी तेच बरं. ही बंदूक त्यांनी यंदाच आणली, ज्वारीसाठी. पहिल्या बाराला हवालदार पळत गोठ्यात गेला. चाचांना वाटलं, नवीन आहे, सवय होईल. म्हैससुद्धा दोन दिवस बुजली होती, मग तिला झाली सवय. दुसऱ्या दिवशी तो पडून असलेल्या जुन्या बैलगाडीखाली शिरला, बाहेर येईना, भाकर खाईना. चाची भांडली, म्हणाली बंद करा ती बंदूक. चाचा म्हणाले, "मॅडमच्या हुरड्याला तीन आठवडे राहिले, तेवढं तर राखू दे." चौथ्या दिवशी सकाळी तो गाडीखालीच होता. पाय पोटाशी घेऊन.

"गोळी एक पण चुकवली नाय, मॅडम," चाचा म्हणाले. "दुधात घालून देत होतो. काय कमी पडलं, काय कळत नाय. माझी बंदूक बाधली म्हणती ही. तशानं जातं का हो जनावर?"

तो प्रश्न त्यांनी मला विचारला होता. मी शिकलेली, मॅडम, म्हणून मला विचारला. आमच्या मागं स्टाफ रेवड्या खात होता. मी म्हटलं, "नाही चाचा, तशानं कशाला जाईल? वय झालं होतं त्याचं."

चाचांनी मोठा श्वास सोडला. चाची ओट्यावरून उठून आत निघून गेली.

माणूस किती सहज खोटं बोलतो हो! आणि वर कसं वाटतं, की आपण दुसऱ्याचं मन राखलं! परतताना गाडीत सगळे म्हणाले, मॅडम हळव्या आहेत, कुत्र्यासाठी रडतायत. एकीनं मला पाण्याची बाटली दिली. मी पाणी प्यायले. कुणाच्या मनातही आलं नाही, की हिला लाजेनं रडू येत असेल. मला त्याच्या मरणाचं दुःख होतं, पण त्याहून जास्त चीड होती. तासभर! तो जिवंत असता तर गाडीच्या दारापाशीच आला असता, पहिल्या मिनिटाला. त्याच्या नसण्याची जागा डोळ्यांसमोर होती, आणि मी चटणी कशी झाली ते सांगत होते.

लोक मला म्हणतात, तू निदान प्रयत्न तरी केलास. दहा महिने सांभाळलंस, घर शोधलंस. मी मान हलवते. प्रयत्न केला, पण एवढाच केला की मला तो करताना दिसावा. आपण म्हाताऱ्यांसाठीसुद्धा असंच शोधतो ना, शांत जागा? गावाकडं बरं वाटेल तुम्हाला, तिथं मोकळी हवा. मग तिथं कोणत्या महिन्यात काय होतं, ते विचारायला सवड कुणाला आहे?

ग्रुपवरच्या त्या मेसेजनंतर तिसऱ्या दिवशी शाळेतून आले, नातवासाठी विणायला घेतलेला स्वेटर बाजूला ठेवला आणि चाचांना फोन लावला. वर्षभरात मी त्यांच्याशी ईदच्या शुभेच्छांशिवाय काही बोलले नव्हते. त्यांना वाटलं हुरड्यासाठीच फोन आहे. ओशाळून म्हणाले, "मॅडम, यंदा ज्वारी नाय लावली. ही लावूच देईना. वर्ष झालं, अजून बोलत नाय धड माझ्याशी. म्हणती, तुम्ही मारला त्याला."

मी म्हटलं, "चाचा, मला एक सांगायचंय." आणि सगळं सांगितलं. हृदयाचं, वरातीचं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते. गोळ्या ताकदीच्या नव्हत्या. मला माहीत होतं, पहिल्यापासून. तुम्ही नाही म्हणाल म्हणून लपवलं.

पलीकडं म्हशीच्या गळ्यातली घंटा दोनदा वाजली.

"मॅडम," चाचा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "सांगितलं असतं तरी घेतला असता मी त्याला. ज्वारी नसती लावली, एवढंच."

मी म्हटलं, "चाचीला द्या फोन. मी सांगते त्यांना, तुमची काही चूक नव्हती." तेवढ्यात मागून चाचीचाच आवाज आला, लांबून, ओट्यावरून असावा.

"किसका फोन है?"

"मॅडम का," चाचा म्हणाले. "कुछ नहीं. हुरडे का पूछ रहे थे." आणि त्यांनी फोन ठेवला.